'राइट' शब्दाचे अनेक अर्थ आणि आपली अकरावी प्रतिज्ञा



आपल्या घरातले मूल शाळेत जाऊ लागले की जे पहिले पंचवीस-पन्नास इंग्रजी शब्द घरात शिरतात, त्यांत 'राइट' हा शब्द हमखास असतो. बाई वहीवर बरोबरची खूण करतात आणि मूल घरी येऊन सांगते, 'आई, माझी सगळी गणितं राइट आली.' कवायतीच्या मैदानावर 'लेफ्ट-राइट' चालते. रिक्षावाल्याला आपण 'पुढे राइट घ्या' असे सांगतो. मोर्चातली तरुण मंडळी 'आमचे राइट्स' म्हणतात. सायकलवरून पडलेला मुलगा कपडे झटकून उठतो आणि 'ऑल राइट' म्हणतो. आणि धम्मदीक्षा घेतल्यानंतर एखादे इंग्रजी पुस्तक हाती आले, तर अष्टांग मार्गाच्या आठही अंगांच्या आधी हाच शब्द उभा असतो: राइट व्ह्यू, राइट स्पीच, राइट लाइव्हलिहुड.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. उजवा, बरोबर, हक्क, सरळ, ठीक असे पाच अर्थ फळ्यावर लिहिले की तास संपतो. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. परंतु शाळेबाहेर, आपल्या घरात आणि वस्तीत, हे अर्थ एकमेकांत मिसळतात आणि मग प्रश्न निर्माण होतो. 'मला राइट आहे' आणि 'मी राइट आहे' ही दोन वाक्ये ऐकायला किती जवळची वाटतात! मराठीत सांगायचे तर पहिल्याचा अर्थ 'मला हक्क आहे' आणि दुसऱ्याचा अर्थ 'माझे वागणे योग्य आहे'. ज्याला हक्क आहे त्याचे वागणे योग्यच असते काय? आणि ज्याचे वागणे योग्य आहे त्याला जगाने हक्क दिलेलाच असतो काय? नव्याने बौद्ध झालेल्या कुटुंबांनी या प्रश्नाचा विचार केला पाहिजे असे मला वाटते, कारण आपला सगळा इतिहास या दोन प्रश्नांच्या मधोमध घडला आहे.

शब्दाचे कूळ

जातीचे कूळ आपण टाकून दिले. शब्दाचे कूळ पाहण्यात मात्र काही नुकसान नाही. इंग्रजी 'राइट'चा जुना अर्थ 'सरळ', 'न वाकलेला' असा आहे. म्हणूनच भूमितीतल्या काटकोनाला इंग्रजीत 'राइट अँगल' म्हणतात. भाषाशास्त्राचे अभ्यासक सांगतात की हा शब्द आणि संस्कृतातला 'ऋजु' हे एकाच मुळापासून आलेले आहेत. 'ऋजु'चे पालीत 'उजु' झाले, जुन्या मराठीत 'उजू' झाले, आणि आपला 'उजवा' हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे इंग्रजांचा 'राइट' आणि आपल्या खेड्यातला 'उजवा' हे दूरचे भाऊबंद ठरतात. आपण संघवंदना म्हणताना 'उजुपटिपन्नो' हा शब्द उच्चारतो. सरळ मार्गाने चालणारा, असा त्याचा अर्थ. रोज वंदना म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणींना इंग्रजी येत नसेल, पण 'राइट' शब्दाचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला अर्थ त्यांच्या तोंडी आहे.

देवनागरीत 'राइट' असे लिहिले की उच्चाराने इंग्रजीतले आणखी दोन शब्द त्यात येऊन बसतात. एकाचा अर्थ 'लिहिणे' आणि दुसऱ्याचा 'धार्मिक विधी'. इंग्रजीत तिघांचे स्पेलिंग वेगवेगळे असले तरी कानाला सारखेच. आपल्या वाडवडिलांना लिहू दिले गेले नाही आणि विधींचे ओझे मात्र त्यांच्या माथी मारले गेले. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली आणि माथ्यावरचे ते ओझे उतरवले. विधी झाला म्हणजे योग्य झाले, ही समजूत कान फसल्यासारखीच आहे.

उजवा हात, उजवा कौल

आता 'उजवा' या अर्थाकडे येऊ. दोन्ही हात एकाच शरीराचे, एकच रक्त दोन्हींतून वाहते. तरी माणसाने एकाला मान दिला आणि दुसऱ्याला हिणवले. इंग्रजीत डाव्यासाठी असलेला 'लेफ्ट' हा शब्द जुन्या काळी 'दुबळा' या अर्थाचा होता असे सांगतात. मराठीतही एखादा मनुष्य सरस ठरला की तो 'उजवा' ठरतो, आणि एखाद्याला मुद्दाम बाजूला सारले की आपण म्हणतो त्याला 'डावलले'. 'डावलणे' या क्रियापदात डावा हात लपलेला आहे. तमिळ मुलुखात तर जातींचेच 'उजव्या हाताच्या' आणि 'डाव्या हाताच्या' असे दोन तट शतकानुशतके होते, आणि मानपानावरून त्यांच्यात दंगे होत. राजकारणातले 'राइट' आणि 'लेफ्ट' १७८९ साली फ्रान्समध्ये जन्मले. राजाच्या बाजूची माणसे सभागृहात अध्यक्षांच्या उजवीकडे बसली आणि विरोधातली डावीकडे. बसण्याची जागा हेच नाव झाले, आणि आज जगभर पक्षांची ओळख त्याच नावांनी होते.

यात आपण घेण्यासारखे काय आहे? एवढेच, की उच्च आणि नीच या कल्पना माणसाने आधी आपल्या शरीरावर लादल्या आणि मग समाजावर. डावखुऱ्या मुलाच्या हातावर छडी मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावणारे मास्तर पूर्वी गावोगाव होते. त्या मुलाचा हात मुळात चुकीचा नव्हता. त्याला चुकीचे ठरवणारी रूढी होती. आपल्यापैकी प्रत्येकाला या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

कोकणातल्या वाचकांना 'उजवा कौल' ठाऊक असेल. देवाच्या मूर्तीला फुले किंवा पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजव्या बाजूची पाकळी पडली की देवाने 'उजवी दिली', काम करावे. डावी पडली की करू नये. मुलीला स्थळ पाहायचे, जमीन घ्यायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे सारे पाकळीवर ठरत असे आणि काही घरांत आजही ठरते. येथे 'उजवे' आणि 'योग्य' हे दोन अर्थ एकमेकांत पूर्ण मिसळले आहेत. पाकळी वाऱ्याने पडते, पाणी सुकल्याने पडते. तिला तुमच्या मुलीचे सुखदुःख कळत नाही. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले ते याच्या नेमके उलट आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा गुरू मोठा आहे म्हणून काही मानू नका. ते अकुशल आहे की कुशल, त्यापासून अहित होते की हित, हे स्वतः जाणून घ्या आणि मग सोडा किंवा धरा. बौद्ध माणसाचा कौल त्याच्या विचारातून येतो.

बावन हक्क

आता तिसरा अर्थ, हक्क. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. मूळ अरबीत 'हक्क' म्हणजे सत्यही आणि अधिकारही. पण आपल्या गावगाड्यात त्याचे काय झाले ते पाहा.

पूर्वाश्रमीच्या महार समाजात 'बावन हक्कां'ची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. बेदरच्या बादशहाने सनद दिली आणि महारांना बावन हक्क मिळाले, अशी ती कथा. कथा खरी असो वा नसो, गावात हक्क होते हे खरे. मेलेल्या जनावराचे कातडे हा हक्क. मढ्यावरचे कापड हा हक्क. खळ्यावरचे बलुते हा हक्क. येसकराने दारोदार फिरून भाकरी मागावी हाही हक्कच. आणि त्या बदल्यात रात्रंदिवस गावकी, सरकारी सांगावे पोचवणे, वेठ. वतनदार म्हणून नाव, आणि जगणे मात्र उष्ट्यावर!

बंधूंनो, ज्याला इंग्रज अधिकाऱ्यांनी दप्तरात 'राइट' म्हणून नोंदवले असते, ते राइट होते काय? हक्क होता, पण योग्य नव्हता. ज्या हक्काने माणूस माणसापुढे वाकतो, तो 'सरळ' या शब्दाच्या कुळातला असूच शकत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचे मोठेपण येथे दिसते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मृत मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असे सांगितले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक मांडले. तेव्हा आपल्यातल्याच अनेकांना भीती वाटली. वतन सुटले तर पोट कसे भरायचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नाहीशी झाली. पण त्याच्या कितीतरी आधी गावोगावच्या माणसांनी ढोरे ओढणे थांबवले, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. जगाच्या इतिहासात माणसे हक्क मिळवण्यासाठी लढलेली पुष्कळ आहेत. आपले आजोबा-पणजोबा एक हक्क टाकून देण्यासाठी लढले. मिळणारी वस्तू योग्य नाही हे कळल्यावर उपाशी राहूनही ती नाकारणे, याला मी सम्मा कर्म म्हणेन. त्यांनी तोवर धम्मदीक्षा घेतलेली नव्हती, तरीही.

महाडचे पाणी

आता दुसरी बाजू. योग्य होते, पण जग हक्क देत नव्हते, असा प्रसंग.

१९२३ साली रावबहादूर बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव केला. कागदावर हक्क आला. पण चवदार तळ्याचे पाणी प्यायला कोणी धजत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि मग हजारो लोकांनी घेतले. त्यानंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. आपली संख्या मोठी होती, लष्करात राहिलेली माणसेही त्यांत होती. तरी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तेवढ्यात सनातन्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता. सत्याग्रहासाठी हजारो माणसे भाकरी बांधून आली होती, संतापलेली होती. बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब केला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. तळ्याचा दावा वर्षानुवर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

या दाव्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हक्काची भाषा दोन्ही बाजू बोलत होत्या! सनातनी म्हणत होते, तळे आमचे, अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासूनची, म्हणून आमचा हक्क. आपण म्हणत होतो, तळे सार्वजनिक, म्हणून आमचा हक्क. अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. पण समजा सिद्ध झाली असती, तर? तर माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे योग्य झाले असते काय? कदापि नाही. हक्क हा शब्द कोणीही उच्चारू शकतो, वेठ घेणाराही आणि वेठ देणाराही. कोणता हक्क खरा, हे ठरवायला हक्काच्या बाहेरचे एक माप लागते. त्या मापाला तथागतांनी 'सम्मा' म्हटले आहे.

हक्क आणि सम्मा

'सम्मा' म्हणजे संस्कृतातले 'सम्यक्'. नीट, पूर्ण, भटकणे सोडून एका दिशेने जाणारे, असा त्याचा आशय. त्याच्या विरुद्ध शब्द 'मिच्छा', म्हणजे खोटे, चुकीचे. इंग्रज भाषांतरकारांनी 'सम्मा'साठी 'राइट' घेतला, तो त्यांच्या भाषेत बरा शब्द आहे. पण त्यामुळे आपल्या शिकलेल्या तरुणांच्या मनात एक घोटाळा होतो. 'राइट व्ह्यू' म्हणजे 'माझे मत बरोबर' असे त्यांना वाटू लागते. सम्मादिट्ठि ही वादात जिंकण्याची गोष्ट नव्हे. कर्मकांडावरचा विश्वास, शास्त्रे पवित्र म्हणून त्यांची वाटणारी भीती, चमत्कारांवरची श्रद्धा, हे सारे सोडून मोकळ्या मनाने पाहणे, असा अर्थ बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उलगडून दाखवला आहे. त्याच ग्रंथात ते सांगतात की एकट्या माणसाला धम्माची गरज पडणार नाही, पण दोन माणसे एकत्र आली की धम्म आलाच. धम्माचे माप माणसामाणसांतल्या व्यवहाराला लावायचे असते.

यातून हक्क आणि सम्मा यांच्यातला फरक स्पष्ट होतो. हक्क दुसऱ्याला बांधतो. मला रस्त्यावरून चालण्याचा हक्क आहे म्हणजे तुम्ही मला अडवू नये. सम्मा मला स्वतःला बांधतो. मी सम्मा वाचेचे पालन करतो म्हणजे मी खोटे बोलणार नाही, समोरचा बोलला तरी. हक्क कायद्याने मिळतो, कोर्टात मागता येतो, कोणी हिरावला तर परत मिळवता येतो. सम्मा मार्ग कोणी देऊ शकत नाही आणि कोणी हिरावूही शकत नाही. तो चालावाच लागतो.

बाबासाहेबांनी आपल्याला दोन्ही दिले. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. ते वाचताना चवदार तळे डोळ्यांपुढे उभे राहते. कलम २५ ने धर्माचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच बळावर आपण धम्म स्वीकारला. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकृत झाले. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. सगळे हक्क मिळालेले असताना प्रतिज्ञा कशाला? हा प्रश्न स्वतःला विचारा. हक्क माणसाला गुलामगिरीतून सोडवतो. सुटलेल्या माणसाने कसे जगावे हे हक्क सांगत नाही. ते अकरावी प्रतिज्ञा सांगते, अष्टांग मार्गाने चालण्याची.

एक कागद

हे सारे मोठे मोठे बोलणे झाले. आता घरात या.

वडील वारतात. गावाकडे दोन-चार एकर जमीन असते, किंवा शहरात एखादी खोली असते. भाऊ कागद तयार करतात. त्या कागदाचे नाव 'हक्कसोड पत्र'. बहिणीला निरोप जातो, 'ताई, येऊन सही करून जा.' ताई येते. तिच्या घरी अडचण असते, मुलांच्या फीचा प्रश्न असतो. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, भाऊबीजेला कोणी बोलावणार नाही, हे तिला माहीत असते. ती सही करते. 'राजीखुशीने' असे कागदावर लिहिलेले असते. भावजय तिला साडी नेसवते आणि सगळे म्हणतात, 'राइट झाले, वाद मिटला.'

हे चित्र फक्त सवर्णांच्या घरातले आहे असे कोणी समजू नये. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरांतही हा कागद होतो.

कायदा काय म्हणतो? १९५६ चा हिंदू वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. मुलीला वाटा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी रात्रीचा दिवस केला, आणि ते बिल रखडवले गेले हे १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देण्याचे एक प्रमुख कारण होते. ज्याने आपल्या आजोबांना अपमानाचे हक्क सोडायला शिकवले, त्याच्याच नातवंडांनी आपल्या बहिणीला सन्मानाचा हक्क सोडायला लावावे, ही केवढी विपरीत गोष्ट!

भाऊ म्हणेल, सही तिने स्वतः केली, कागद कायदेशीर आहे. खरे आहे. त्याला तो कागद करण्याचा हक्क आहे. पण ते सम्मा आहे काय? मराठीत मुलीचे लग्न करून देण्याला 'मुलगी उजवणे' म्हणतात. जणू काम पुरे झाले, हिशेब मिटला. मुलगी हिशेब नव्हे, आणि लग्न ही तिच्या नात्याची पावती नव्हे. आपल्या भाषेतल्या या 'उजवण्या'त जो जुना विचार दडला आहे, त्याला आपण 'उजु'च्या, सरळपणाच्या कसोटीवर घासले पाहिजे.

बहिणीने खरोखर आनंदाने आपला वाटा गरीब भावाला दिला, तर ते दान आहे आणि थोर दान आहे. पण दान देणाऱ्याच्या मनात 'नाही' म्हणण्याची मोकळीक असावी लागते. जेथे 'नाही' म्हटल्यावर माहेर तुटते, तेथे दान नसते, तेथे येसकराच्या भाकरीचाच दुसरा प्रकार असतो.

'ऑल राइट' आणि एक आक्षेप

'राइट'चा आणखी एक अर्थ उरला, 'ऑल राइट', म्हणजे ठीक आहे, चालते. हा अर्थ सर्वांत गोड आणि सर्वांत धोक्याचा. लग्न बौद्ध पद्धतीने होते, पण आदल्या रात्री सासूच्या समाधानासाठी देवक बसते. ठीक आहे. पोरगा दारू पिऊन येतो, पण कमावतो. ठीक आहे. कर्ज काढून मंडप घातला, लोक काय म्हणतील! ठीक आहे. असे दहा वेळा 'ठीक आहे' म्हटले की घरात धम्माची तसबीर उरते आणि धम्म निघून जातो. म्हाताऱ्या माणसांना दुखवावे असे मी म्हणत नाही. सम्मा वाचा म्हणजे कठोर वाचा नव्हे. समजावून सांगायला वेळ लागतो, तो द्यावा. पण स्वतःशी 'हे योग्य आहे' असे म्हणून खोटे समाधान मानू नये.

येथे कोणी आक्षेप घेईल, 'मास्तर, आम्हांला अजून हक्कच नीट मिळाले नाहीत आणि तुम्ही सम्मा सांगता! हे तर हक्क सोडा म्हणण्यासारखे झाले.' आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. धम्म सोसायला शिकवतो असे सांगून तुमचा वाटा कोणी मागत असेल तर त्याचे ऐकू नका. मंडळींना शेजारी विचारतात, 'तुम्ही बौद्ध झालात, मग सवलती कशाला?' धर्मांतराने गावाने केलेला अन्याय पुसला जात नाही. म्हणून तर १९९० साली संसदेने कायदा करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या सवलती दिल्या. त्या घेणे हा हक्क आहे आणि योग्यही आहे. दोन्ही अर्थांनी राइट! पण त्या सवलतीने नोकरीला लागल्यावर लाच घेणे, गावाकडच्या भावंडांना न ओळखणे, ज्या वस्तीतून आलो तिचे नाव लपवणे, याला मात्र कुठलाही हक्क योग्य ठरवू शकत नाही. सम्मा आजीव तेथेच सुरू होतो, जेथे नियुक्तीचा कागद हाती येतो. हक्क न सोडता त्याला सम्मा करणे, हेच आपले काम.

मग रोजच्या व्यवहारात ओळखायचे कसे? तथागतांनी आपल्या स्वतःच्या मुलाला, राहुलाला, याचे उत्तर दिले आहे. त्यांनी त्याला विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे पाहावे. हिच्यामुळे मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होईल काय? होणार असेल तर करू नये. करत असल्यास थांबवावी. केली असल्यास जाणत्या माणसापुढे उघड करून पुढे सावध राहावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनीही पुन्हा पुन्हा ऐकावेत असे जे मोजके धम्मग्रंथ सांगितले, त्यांत राहुलाला केलेला उपदेश आहे. बापाने मुलाला दिलेला हा धडा राजाला दगडावर नोंदवावासा वाटला. आपल्याला तो घरात लावायला काय हरकत आहे?

तेव्हा माझी आपणांस विनंती आहे. यंदा पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी, लहानांसकट, एकत्र बसा. मुलांना 'राइट'चे अर्थ विचारा. ती भराभर सांगतील. मग मोठ्यांनी एकेक व्यवहार समोर ठेवावा: बहिणीचा वाटा, सुनेचा पगार, मुलीचे शिक्षण, देणेकऱ्याला दिलेला शब्द. प्रत्येकाला दोन प्रश्न लावावेत. याचा मला हक्क आहे काय? आणि हे सम्मा आहे काय? दोन्हींचे उत्तर 'होय' आले तर निर्भयपणे करा, कोणी अडवले तर लढा. हक्क नाही पण सम्मा आहे असे उत्तर आले, तर महाडची आठवण ठेवा आणि हक्क मिळवा. हक्क आहे पण सम्मा नाही असे उत्तर आले, तर ढोर ओढायला नकार देणाऱ्या आपल्या पणजोबाची आठवण ठेवा आणि तो कागद, सही होण्याआधीच, फाडून टाका.

जयभीम!